अंगठा तुमचाच आहे, आजी

१

कुसुमावती शितोळे यांच्या खात्यातून चाळीस हजार रुपये गेले, हे बँकेने मान्य केले. चोरी झाली, हे मात्र मान्य केले नाही.

धारच्या त्या शाखेतल्या व्यवस्थापकाने संगणकाचा पडदा अर्धवट वळवला आणि वाचून दाखवले. श्रावण महिन्यात चार वेळा, दर वेळी दहा हजार. आधारच्या ठशावर रोख काढलेली रक्कम. उजवा अंगठा, पहिल्याच प्रयत्नात जुळला.

"अंगठा तुमचाच आहे, आजी," तो म्हणाला. "माणूस विसरतो. मशीन खोटं बोलत नाही."

कुसुमावतीबाईंनी सत्तरी ओलांडली होती. नवरा गेल्यापासून त्या पुरणपोळ्या करून विकत आणि त्यांच्या पोळ्यांना इंदूरहूनही मागणी असे. त्यांच्या शेजारी वकील अल्पना मुळ्ये बसली होती. ग्राहक न्यायालयात ती बँकांशी आणि विमा कंपन्यांशी भांडत असे. लहानपणी ह्याच बाईंच्या स्वयंपाकघरात तिने अर्ध्या सुट्ट्या काढल्या होत्या. पैसे कुठून काढले, एवढे तरी सांगा, असे तिने विचारले. ती माहिती देता येत नाही, असे व्यवस्थापक म्हणाला. कोणत्या नियमाने देता येत नाही ते लिहून द्या, असे अल्पनाने म्हटल्यावर त्याला ती देता येऊ लागली. पैसे देवास जिल्ह्यातल्या लोहारदा गावातून, एका ग्राहक सेवा केंद्रातून निघाले होते.

"लोहारदा मी नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

तेव्हा मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने जे केले त्याने अल्पनाच्या अंगाचा तिळपापड झाला. नीलकंठ देवासहून मुद्दाम आला होता. तो तिथल्या एका कारखान्यात हिशेब खात्याचा अधिकारी होता. त्याने पुढे होऊन व्यवस्थापकाची क्षमा मागितली. "सॉरी साहेब. आईच्या हल्ली लक्षात राहत नाही. श्रावणात ती आमच्याकडेच होती, देवासला. बायकांबरोबर देवदर्शनाला जायची. कुठेतरी काढले असतील."

सगळी तयारी त्याने आधीच केली होती. सोमवारी इंदूरच्या डॉक्टरांकडे आईच्या स्मरणशक्तीची तपासणी होती. तपासणीनंतर खाते त्याच्या सहीने चालणार होते, धारचे स्वयंपाकघर बंद होणार होते आणि आई देवासच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहणार होती. नातेवाइकांना त्याने तसे कळवलेही होते. व्याकूळ, आज्ञाधारक मुलाच्या आवाजात तो हे सांगत होता, आणि व्यवस्थापक मान डोलावत होता. दोघे जण एका शहाण्यासुरत्या बाईच्या डोक्यावरून तिच्या डोक्याविषयी बोलत होते.

बाहेर पायऱ्यांवर कुसुमावतीबाईंनी अल्पनाचे मनगट धरले.

"दोनच गोष्टी असू शकतात, अल्पना. एक तर कोणी चोर आहे, नाहीतर मी वेडी झाले. सोमवारच्या आत मला सांग, यांतली कुठली. दुसरी असली तरी सांग. नीलकंठाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी ती तुझ्या तोंडून ऐकेन."

२

संशयाची पहिली नजर गोलूकडे वळणे साहजिक होते.

गोलू पवारचे ग्राहक सेवा केंद्र कुसुमावतीबाईंच्याच गल्लीत होते. तिथे मशीनवर अंगठा ठेवला की खात्यातले पैसे हातात मिळत, म्हणून सारी गल्ली त्याला अंगठ्याचे दुकान म्हणे. बाईंच्या खात्यात किती शिल्लक आहे हे नीलकंठापेक्षा गोलूला जास्त ठाऊक असे. आठ दिवसांत ही बातमी गल्लीभर झाली होती आणि त्याच्या दुकानापुढची बाके रिकामी पडली होती.

"दीदी, मी का करीन?" तो म्हणाला. तिशीचा, पोट सुटलेला, एरवी हसतमुख माणूस. आज त्याचा आवाज बसला होता. "मावशीनं पैसे काढले की मला कमिशन भेटतं. चोरी करून मी आपलीच रोजी बंद करू काय? काल पाटीदार काका समोरून गेले, रामराम पण नाही केला. बारा साल से रोज करतात."

अल्पनाने त्याला बोलू दिले. तो यंत्राची निंदा करील अशी तिची अपेक्षा होती. त्याने केली नाही. आधी पेन्शनसाठी म्हाताऱ्या माणसांचा अख्खा दिवस बँकेच्या रांगेत जायचा, हे त्याने सांगितले. मावशी पोळ्या द्यायची आणि मोठ्या घरची गिऱ्हाइके 'बाद में' म्हणून निघून जायची. त्याने तिच्या दारावर तो क्यूआर कोडचा चौकटीचा कागद चिकटवून दिल्यापासून फोनवरून पैसे थेट खात्यात येऊ लागले आणि 'बाद में' बंद झाले. "चीज खराब नाही, दीदी. पण गडबड झाली तर ऐकणारा माणूसच नाही. त्या टोल फ्री नंबरावर मी मावशीचा फोन लावला, तिथं पण मशीनच बोलते. एक दाबा, दो दाबा. रडण्यासाठी कितना दाबायचं, ते नाही सांगत."

मग तो सहज बोलून गेला, की लोहारद्याच्या मशीनवर मावशीचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला हे ऐकून त्याला नवल वाटले होते. त्याच्याकडे तर तो लागतच नाही.

"लागत नाही म्हणजे?"

"गुढीपाडव्यापासून नाही लागत. पाडव्याला तव्यावर भाजला ना. पाच-पाच दफे ठेवला, मशीन नाहीच म्हणते. मग आम्ही डाव्या हाताच्या बोटावर आलो. आता तेच चालतं."

अल्पना उठली ती तडक चार घरे पलीकडे गेली. कुसुमावतीबाई पुरण वाटत होत्या. तिने त्यांचा उजवा हात पाण्याने धुतला आणि दाराच्या उजेडात धरला. अंगठ्याच्या पेरावर गुलाबी, काचेसारखी गुळगुळीत कातडी होती. तिच्यावर एकही रेघ नव्हती.

बँकेने जो अंगठा ओळखला होता तो पाडव्यालाच भाजून गेला होता. श्रावणात तो कुणाच्याही हाताला नव्हता.

३

एवढे पुरेसे आहे, असे अल्पनाला वाटले. ते कुणालाच पुरेसे वाटले नाही. व्यवस्थापक फोनवर म्हणाला, की भाजल्याची नोंद प्रणालीत दिसत नाही. नीलकंठ म्हणाला, की तेव्हा भाजले असेल, मध्ये बरे झाले असेल, पुन्हा भाजले असेल; आईला आठवते कुठे? आणि त्याने हळुवारपणे पुस्ती जोडली, "अल्पनाताई, तुमची माया समजते मला. पण सोमवारची वेळ बदलत नाही."

हातात तीन दिवस होते. तिने गोलूकडून आणखी एक गोष्ट काढली. नालछ्याचे अण्णा पिसाळ, म्हणजे कुसुमावतीबाईंचे मावसभाऊ, हीच तक्रार घेऊन त्याच्याकडे आले होते. अण्णांना फोन केल्यावर कळले, की धरमपुरीला राहणाऱ्या, नात्यातल्याच मानसिंगरावांचेही खाते असेच रिकामे झाले आहे. बँका वेगळ्या, गावे वेगळी. पैसे काढण्याचे ठिकाण तिघांचेही एकच. लोहारदा.

शुक्रवारी ती लोहारद्याला पोहोचली तेव्हा बाजाराचा दिवस होता आणि सोयाबीनच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता. केंद्राचा पत्ता खरा निघाला. खताच्या दुकानाला लागून एक अरुंद गाळा होता, शटर ओढलेले, कुलपावर धूळ. खतवाल्याने सांगितले, की जूनमध्ये कोणीतरी तो भाड्याने घेतला आणि राखीनंतर बंद केला. भाडे कोण देई? फोनवरून येई, महिन्याच्या महिन्याला. माणूस? माणसाशी त्याचा कधी संबंधच आला नव्हता. गिऱ्हाइके? तो हसला. गिऱ्हाईक त्याने एकही पाहिले नव्हते.

अल्पना त्या शटरासमोर उभी राहिली. इथून तीन म्हाताऱ्या माणसांचे पैसे निघाले होते आणि त्यांतले कोणीही ह्या रस्त्यावर पाऊल टाकून गेले नव्हते. पूर्वीच्या चोराला निदान कडी उचकटावी लागे, कुत्र्याला भाकरी टाकावी लागे; घरधनी जागा होईल ह्याची धास्ती बाळगावी लागे. ह्या चोराने काहीच मोडले नव्हते. म्हणून चोरी झालीच नाही, असे सारे जण म्हणत होते, आणि जिचे गेले तिच्याच डोक्याला कुलूप लावायला निघाले होते.

४

शनिवारी सकाळी ती देवासला नीलकंठाच्या फ्लॅटवर गेली. दार नव्या सुनेने, श्रियाने उघडले. अर्पित, म्हणजे नीलकंठाचा मुलगा, ह्याच्याशी तिचे लग्न माघात देवासलाच झाले होते. दिवाणखान्यात त्या लग्नाची आठवण टांगलेली होती: काचेच्या चौकटीत रंगवलेले एक भले मोठे झाड, त्याला हिरवी पाने आणि प्रत्येक पानाखाली वळणदार अक्षरांत एकेका पाहुण्याचे नाव. वरच्या फांदीवर 'कुसुमावती आजी' होत्या.

चहाच्या वेळी घरातले सगळे बसले. नीलकंठाची विधवा आत्या त्याच्याकडेच राहत असे; तिला सगळे नुसते ताई म्हणत. श्रियाचा भाऊ मनन राखीपासून राहिलेली भेट द्यायला आला होता. लग्नाच्या सजावटीचा आणि व्यवस्थेचा त्याचा व्यवसाय होता. बहिणीचे लग्नही त्यानेच उभे केले होते, मांडवापासून पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत. त्याने उठून अल्पनाला वाकून नमस्कार केला आणि खुर्ची दिली.

अर्पित तिला आवडला नाही. आजीच्या दारावरचा कागद चालू करताना तिचे आधार कार्ड त्याच्याकडे होते का, असे विचारताच तो तडकला. "हो, होतं. मेरे पास सबके कार्ड हैं. ताईआत्याचं पण सगळं मीच करतो. तर काय मी चोर झालो?" त्याने नवी मोटरसायकल घेतली होती, ती खाली उभी होती. तिच्याबद्दल विचारल्यावर त्याने वडिलांकडे पाहिले, आणि वडिलांनी खिडकीबाहेर.

ताईने मात्र शांतपणे सांगितले, की अर्पितच तिची पेन्शन, ठेव सगळे बघतो. रक्कम बरीच आहे आणि तिच्यातली एक पैही इकडची तिकडे झालेली नाही. "कुसुमवहिनीचं जाऊन जाऊन किती असेल? आमच्या ह्यांच्या फंडाचे पैसे आहेत माझ्याकडे," ती जरा अभिमानानेच म्हणाली. नणंदपणाने तेवढी संधी सोडली नाही.

मननने बोलणे गोड केले. त्याच्या व्यवसायात आता रोकड उरलीच नाही, असे तो म्हणाला. फुलवाला, वाजंत्रीवाला, आचारी, सगळे फोनवर. मजुराची मजुरी मुकादम खाऊ शकत नाही. दहा रुपयांचाही माग राहतो. म्हातारी माणसे ह्या नव्या चालीला घाबरतात, आणि गोंधळली की दोष यंत्राला देतात. आजींना तर आता आरामच द्यायला हवा.

माग राहतो तर लोहारद्याच्या गाळ्यात कोण बसत होते ते सापडेलच, असे अल्पना म्हणाली.

"लोहारदा?" मनन हसला. "तिथं तर नेटवर्कपण नीट नसतं, दीदी. श्रावणात एका लग्नाच्या डेकोरेशनसाठी त्या साइडला जात होतो मी, फोन लागता लागत नव्हता. कोणाचाही घोळ झाला असेल."

श्रिया कप उचलत होती. तिचा हात क्षणभर थांबला, आणि मग ती कप घेऊन आत गेली.

५

त्याच दुपारी अल्पनाने गाडी धरमपुरीकडे वळवली. मानसिंगराव साळुंखे नर्मदेच्या घाटाजवळ राहत. पलीकडच्या तीरावरून येणाऱ्या नावा मोजत ओट्यावर बसणे हा आता त्यांचा उद्योग होता. ऐंशीच्या घरातला तो उंच माणूस संतापलेला होता.

त्यांचेही उत्तर बँकेने तयार ठेवले होते: अंगठा तुमचाच आहे. त्यांच्या नातवंडांनीही आपसांत डोळे मिचकावले होते. नावाड्याला द्यायला आज खिशात नाणे नाही, ही त्यांना सर्वांत बोचलेली गोष्ट होती. "नावाडी फोनवर घेतो आता. घेऊ दे. मी सुनेला सांगतो, ती माझ्यासाठी दहा रुपये पाठवते. पलीकडे जायचं तर सुनेला विचारून जायचं, समजलीस ना? माझ्या मुठीत होतं तोवर मी कुठं जातो ते फक्त नर्मदामाईला माहीत होतं."

अल्पनाने त्यांच्याशी बसून एकेक गोष्ट ताडून पाहिली. ते, अण्णा आणि कुसुमावतीबाई ह्या वर्षात एकत्र कुठे आले होते? एकदाच: अर्पितच्या लग्नात. धार भागातली वडील मंडळी त्या मंगल कार्यालयाच्या खोल्यांत उतरली होती आणि खोली देताना प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत घेतली गेली होती. म्हणजे आकडे तिथून गेले. पण नुसत्या आकड्यांनी पैसे निघत नाहीत, त्यासाठी अंगठा लागतो.

निघताना म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून अल्पना पायरीवरच थांबली. आपल्याबरोबर काय झाले हे त्यांनी नीलकंठाला ऋषिपंचमीलाच फोन करून कळवले होते. लोहारद्याचे नावही सांगितले होते.

ऋषिपंचमी बँकेतल्या त्या दिवसाच्या कितीतरी आधीची. म्हणजे आईला विसराळू ठरवताना नीलकंठाला ठाऊक होते, की आणखी एका माणसाला त्याच गावातून, त्याच रीतीने लुबाडले गेले आहे.

६

त्या खोल्यांत उतरलेला आणखी एक पाहुणा धारला राहत होता: मोरोपंत पोतनीस, नीलकंठाचे शाळेतले मास्तर. त्यांच्याही कार्डाची प्रत घेतली गेली होती आणि पेन्शन त्यांच्याही खात्यात येत होती. रविवारी सकाळी अल्पना त्यांच्याकडे गेली, त्यांचेही पैसे गेले असतील ह्या खात्रीने.

त्यांचे काहीच गेले नव्हते. मास्तरांनी पासबुक आणून दाखवले. सारे जिथल्या तिथे होते. अल्पनाचा सारा तर्क त्या पासबुकावर आपटला. ती उगाच लग्नाविषयी बोलू लागली, आणि मास्तर एकाएकी भडकले.

"नाव काढू नकोस त्या लग्नाचं. चार पिढ्या धारच्या पवारांच्या दरबारात आमच्या हातात लेखणी. आणि तो व्याह्यांचा पोरगा माझ्यापुढे हिरव्या शाईची गादी धरतो आणि म्हणतो, काका, अंगठा लावा. आशीर्वादाचं झाड आहे म्हणे, प्रत्येकानं अंगठा लावायचा, त्याचं पान होतं. मी म्हटलं, अंगठा निरक्षर माणूस लावतो, मी पोतनीस आहे, मी सही करीन. केली सही, खोडाशी. सगळे हसले. हसोत."

अल्पनाने पासबुक मिटले. देवासच्या भिंतीवर टांगलेल्या त्या सुबक हिरव्या पानांतून आता तिला रेषा दिसू लागल्या: बारीक, गोलाकार, एकमेकींत फिरणाऱ्या. आणि प्रत्येकीखाली, गफलत होऊ नये म्हणून, मालकाचे नाव.

७

रविवारी दुपारी कुसुमावतीबाईंना घेऊन ती देवासला पोहोचली. कोणाला बोलवायचे ते तिने श्रियाला फोनवर सांगितले होते, आणि श्रियाने कारण न विचारता ते केले होते. नीलकंठ, अर्पित, ताई आणि मनन दिवाणखान्यात बसले होते. अल्पनाने उभ्यानेच सुरुवात केली.

"लग्नात कुसुममावशी, अण्णा आणि मानसिंगराव ह्या तिघांनी दोन गोष्टी दिल्या. खोलीसाठी कार्डाची प्रत दिली आणि झाडाला अंगठा दिला. तिघांचेही पैसे गेले. मोरोपंतांनी कार्ड दिलं, अंगठा दिला नाही, सही केली. त्यांचे गेले नाहीत. ताईंनी अंगठा दिला, पण त्या ह्याच घरात राहतात, त्यांना खोली लागली नाही, म्हणून त्यांचं कार्ड कोणी मागितलं नाही. त्यांचेही गेले नाहीत. ज्याचं कार्ड आणि अंगठा दोन्ही हाती पडले, चोर फक्त त्याच्याकडेच जाऊ शकला."

तो अर्पित नव्हे, हे तिने पुढे सांगितले. ताईंचे कार्ड अर्पितजवळ कायमचे आहे, अंगठा समोर भिंतीवर आहे, आणि ताईंचे खाते सर्वांत भरलेले आहे. अर्पितला चोरी करायची असती तर ती ताईंपासून सुरू झाली असती. कार्यालयाच्या कारकुनाकडे कार्डे होती, पण झाड त्याच्या हाती कधी गेले नाही. पाहुण्यांच्या खोल्या आणि झाड ही दोन्ही कामे एकाच माणसाने पाहिली. त्या ठशांवरून त्याने रबराचे अंगठे करून घेतले.

सगळ्यांच्या नजरा मननकडे गेल्या. त्याचा चेहरा अजूनही गोड होता.

"दीदी, कहानी अच्छी है. पण बँक काय म्हणते? अंगठा आजींचाच आहे. मशीनपेक्षा तुम्ही मोठ्या?"

"मशीनचंच ऐकू या," अल्पना म्हणाली. "गोलूच्या मशीनवर पाडव्यापासून मावशींचा उजवा अंगठा जितक्या वेळा नाकारला गेला, तितक्या नकारांची नोंद आहे. मशीन होकार जसा लिहून ठेवतं तसा नकारही. बँकेनं फक्त होकार वाचला, कारण तो तिच्या सोयीचा होता. खऱ्या अंगठ्याला नाही आणि लोहारद्याला पहिल्या झटक्यात हो. भाजण्याआधीचा अंगठा श्रावणात कोणाकडे होता, तेवढंच विचारायचं उरलंय. ह्या नोंदी आणि लोहारद्याच्या गाळ्याचं भाडं कोणत्या फोनवरून जात होतं ह्याची चौकशी, दोन्हींचा अर्ज मी आज सकाळी सायबर शाखेत दिलाय. दहा रुपयांचाही माग राहतो, असं तुम्हीच म्हणालात."

मनन उठू लागला. श्रिया दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"दादा, काल तू म्हणालास, श्रावणात लोहारद्याकडे लग्नाचं डेकोरेशन होतं." तिचा आवाज फार हळू होता. "चातुर्मासात आपल्यात लग्नं होतात का? लोहारद्यात तरी कोणाकडे होतात? आणि हे झाड फ्रेमवाल्याकडे गर्दी आहे म्हणून तू महिनाभर ठेवलंस. फ्रेमवाला आपल्या खालीच आहे. मी त्याला आज विचारलं. त्यानं दोन दिवसांत दिलं होतं."

"श्रिया, तू माझी बहीण आहेस."

"म्हणूनच काल रात्रभर वाटत होतं, मी चुकीचं ऐकलं असेल. आजींनाही असंच वाटत असेल ना, महिनाभर? की आपणच चुकतोय?"

मनन खाली बसला. त्याने सरळ कबुली दिली नाही. पैसे परत करतो, विषय वाढवू नका, असे तो म्हणाला. धंद्यात उधारी झाली होती, म्हाताऱ्या माणसांना कळणार नाही असे वाटले होते. अर्ज मागे घ्यायचा का, असे अल्पनाने कुसुमावतीबाईंना विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. अण्णांच्या आणि मानसिंगरावांच्या वतीने उत्तर मी कसे देऊ, असे त्या म्हणाल्या.

मग त्या मुलाकडे वळल्या.

"मानसिंगभावजींनी तुला पंचमीलाच सांगितलं होतं, नीलकंठ. तरी तू मला डॉक्टरकडे न्यायला निघालास. का रे?"

 नीलकंठाने जे सांगितले ते कोणाच्या अपेक्षेतले नव्हते. आईचे कार्ड अर्पितकडे, नवी मोटरसायकल अर्पितकडे. मानसिंगरावांचा फोन आला त्या दिवसापासून त्याला वाटत होते, की चोर आपलाच मुलगा आहे. आई विसरली असे ठरले असते तर पोलीस आले नसते.

"पप्पा," अर्पित म्हणाला, "गाडीचा हप्ता माझ्या पगारातून जातो. एक बार पूछ तो लेते."

"त्याला वाचवायला तू मला वेडी केलंस," कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही; तो चढला असता तर नीलकंठाला सोपे गेले असते. "आणि त्याला विचारलंसुद्धा नाहीस. बँकेला मी परकी. तिनं मशीनवर विश्वास ठेवला, ठेवू दे, त्या मॅनेजरशी अल्पना भांडेल. मी तुला वाढवलंय. माझ्या कढईतल्या पुरणाला कधी साखर जास्त पडली का रे? मी शब्द दिला होता, मी काढले नाहीत म्हणून. तो शब्द तुला एका रबराच्या तुकड्यापुढे हलका वाटला."

नीलकंठ रडू लागला. ताईने पदर तोंडाला लावला. उद्याची वेळ रद्द करतो, असे तो म्हणाला. खात्याच्या सहीचे कागद फाडून टाकतो. पैसे मिळेपर्यंत मी भरतो.

"पैसे बँक भरेल. खातं माझंच राहील आणि त्यात पोळ्यांचे पैसे येतच राहतील. ते बरं चाललंय, मी का बंद करू? अंगठ्याचं काढणं मात्र बंद करायचं, अल्पना सांगेल तसं. मला हवे तेव्हा मी स्वतः बँकेत जाऊन सही करून आणीन, रांग असली तरी." त्या खुर्चीत सावरून बसल्या. "तुझ्याकडून मला वेगळंच हवंय. आई भ्रमिष्ट झाली, असं तू किती जणांना कळवलंस?"

त्याने नावे घेतली. ती अर्पितच्या लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीइतकी होती.

"त्या सगळ्यांना फोन कर. आत्ता, माझ्यासमोर. आवाज बाहेर येऊ दे."

नीलकंठाने फोन हातात घेतला. पहिल्यांदा त्याने अण्णांना लावला, आणि आई बरोबर होती, आपण चुकलो, हे शब्द उच्चारायला त्याला तीनदा घसा साफ करावा लागला. दुसऱ्या वेळी एकदाच करावा लागला. मोरोपंत मास्तरांनी ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, की कुसुमवहिनी ऐकतायत ना. मग ठीक आहे. श्रियाने सासऱ्यांपुढे पाण्याचे भांडे आणून ठेवले आणि ती कुसुमावतीबाईंच्या खुर्चीशेजारी खाली बसली.

यादी संपत आली असे वाटून त्याने फोन खाली ठेवला.

"मामा राहिला," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "माझा सख्खा भाऊ. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, तेव्हा तो माझ्याशी लहान मुलीशी बोलावं तसा बोलत होता. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. मी ओळखलं."

नंबर शोधायला नीलकंठाला वेळ लागला नाही. आईविषयी त्याने सगळ्यांत आधी कळवले होते ते मामालाच.